एकही खिळा नाही म्हणे

थायलंडमधल्या पट्टायाला जाऊन आलेला बेळगावचा माणूस लगेच ओळखू येतो. खडेबाजारात भेटो, लग्नाच्या पंगतीत भेटो, नाहीतर सकाळी किल्ला तलावाला फेऱ्या मारताना भेटो, समुद्राच्या आणि खाण्यापिण्याच्या गोष्टी आटोपल्या की तो मोबाइल काढतो, तिथल्या लाकडी 'सँक्चुअरी ऑफ ट्रूथ'चे फोटो उघडतो आणि म्हणतो, "हे बघा. अख्खं लाकडाचं. एकही खिळा नाही म्हणे!" मग अंगठ्याने फोटो सरकवत जातो. शिखर, शिखर, हत्ती, बायको, शिखर, हेल्मेट घातलेली पोरं, परत शिखर. आपणही "अरे बापरे" म्हणतो आणि मोबाइल परत देतो.

हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलं होतं, की प्रत्यक्ष जायची वेळ आली तेव्हा मला त्या जागेचा आधीच थोडा कंटाळा आला होता. खिळा नसणं ही काय बघायची गोष्ट झाली? नसलेली वस्तू बघायला कोण परदेशात जातं?

पण आमच्या टोळक्यात मामा होते, आणि मामा सुतार. खानापूर तालुक्यातल्या जंगलकडेच्या गावात जन्म, चौकटी आणि देव्हारे करण्यात हयात गेली, आणि गावोगावच्या लक्ष्मीयात्रा जवळ आल्या की रथाच्या दुरुस्तीला हमखास बोलावणं. आता हात थरथरतात म्हणून पटाशी सोडलीय. डोळा मात्र सोडलेला नाही. ट्रिपला यायला ते तयारच नव्हते. "लाकूड बघायला एवढ्या लांब कशाला, लोंढ्याला जा की," एवढंच त्यांचं म्हणणं. मामेभावानं तिकीटच काढून टाकलं, तेव्हा आले.

'सँक्चुअरी ऑफ ट्रूथ' हे त्या जागेचं इंग्रजी नाव. थाई लोक तिला 'प्रासात सच्चथम' म्हणतात. पट्टायाच्या उत्तरेला, नाकलुआ भागात, समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकावर ती उभी आहे. लेक विरियफान नावाच्या धनाढ्य थाई उद्योजकाने 1981 साली काम सुरू करवलं. बँकॉकजवळचं 'मुआंग बोरान' हे उघड्यावरचं भलंमोठं संग्रहालय आणि तीन डोक्यांच्या हत्तीचं 'एरावान' संग्रहालय या कल्पनाही त्यांच्याच. 2000 साली ते गेले, काम थांबलं नाही, आजही चालू आहे. उंची 105 मीटर सांगतात. विजापूरच्या गोलघुमटाच्या दुप्पट. आणि बेळगावकराला आणखी सोपं करून सांगायचं, तर किल्ला तलावाकाठी 2018 मध्ये उभारलेला तो 110 मीटरचा ध्वजस्तंभ डोळ्यांपुढे आणा आणि जवळपास तेवढ्या उंचीचा लाकडाचा डोंगर कल्पा. मी तसा कल्पून गेलो होतो, तरी वरच्या सज्जावरून खाली ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा पुढची दोन-चार मिनिटं आमच्यात कुणी काही बोललं नाही. आमच्या मावशी धरून. हे विशेष.

आत शिरायच्या आधी हेल्मेट देतात, कारण वर बांधकाम चालूच असतं. तोकडे कपडे असतील तर कमरेला गुंडाळायला वस्त्र. मग गाईड. गाईड मुलगी चांगली होती, चटपटीत, तिच्याकडे आकडे भरपूर होते. चार दालनं: थायलंड, कंबोडिया, चीन आणि भारत या चार परंपरांची. सात निर्माते: आकाश, पृथ्वी, आई, बाप, चंद्र, सूर्य, तारे. टोकांवरच्या देवतांपैकी एकीच्या हातात कमळ, एकीच्या हातात ग्रंथ, एकीच्या हातावर पक्षी आणि एकीजवळ लेकरू. म्हणजे धर्म, तत्त्वज्ञान, शांती आणि जीवन. हे सगळं ती चालता चालता सांगत होती आणि आम्ही चालता चालता वर बघत होतो. वरचं कमळ खालून दिसत नाही. दिसते फक्त एक टोकदार काळसर रेघ आणि तिच्यामागे डोळ्यांवर येणारं ऊन. टोकावरच्या त्या बाईच्या हातात कमळ आहे की भाकरी, हे गाईडवर विश्वास ठेवूनच मान्य करायचं.

मी तसं मामांना म्हटलंही. एवढ्या उंचीवर, कुणाला न दिसणारं काम इतकं बारीक कशाला करायचं? मला वाटलं, देवाला दिसतं वगैरे काहीतरी म्हणतील.

"पाऊस पहिला कुठं पडतोय?" मामा म्हणाले. "तिथंच न्हवं? मग तिथलं काम चोख पायजे."

तिथून पुढे मी गाईडला सोडलं आणि मामांच्या मागे लागलो. आमचा टूरवाला घड्याळ दाखवत होता, त्याच्याकडे दोघांनीही दुर्लक्ष केलं.

मामांची बघायची पद्धत वेगळीच. त्यांनी वर बघितलंच नाही. पहिल्या खांबाशी गेले, तळव्याने तो थोपटला, मग नाक जवळ नेऊन वास घेतला. खांबाच्या बुंध्याशी बसकण मारली आणि जोत्याला लाकूड जिथं टेकतं तिथं बोट फिरवलं. ओल किती चढलीय ते बघत होते. मग खांबाच्या पाठीमागे गेले. पुढून अप्सरा, मागून काय? मागून पटाशीच्या खुणा, न घासलेल्या, आणि दोन ठोकळे जिथं जोडलेत ती सरळ उभी रेघ. मोठ्या मूर्ती एका ओंडक्यातून निघत नाहीत, ठोकळे जोडून आधी जाडजूड धड तयार करतात आणि मग कोरतात, हे मला त्या पाठीमुळे कळलं. चारशे माणसं पुढून फोटो काढत होती. मागे आम्ही दोघंच.

तिथं वापरलेल्या लाकडांची नावं गाईडने सांगितली होती: साग, तकियन, आणि 'माय डाएंग' नावाचं एक लालसर लाकूड. एका कठड्यापाशी मामा थबकले. पाऱ्यासारखा जड, गर्द तांबूस तुकडा. नखाने दाबून बघितलं, नख वळलं. "हा तर जांभा!" मी म्हटलं, मामा, इथं कुठला जांभा? "मग काय हाय सांग की." मोबाइलवर शोधलं तर मामा बरोबर. माय डाएंगचं शास्त्रीय नाव झायलिया झायलोकार्पा, आणि आपल्या सह्याद्रीतला जांभा (दगड नव्हे, झाड) हाही तोच. खानापूर, लोंढा, दांडेली पट्ट्यात उगवणारा. एकेकाळी रेल्वेच्या रुळांखाली ज्याचे स्लीपर घालत, तो. पटाशीला दाद न देणारा, धार घालवणारा, म्हणून आपल्याकडच्या सुतारांनी त्याला चौकटीला नाहीतर खांबाला लावला. त्याच्यावर नाक-डोळे कोरायच्या भानगडीत सहसा कुणी पडलं नाही. कोरीवकामाला साग, शिसवी, फणस. आणि इथं त्याच जांभ्याच्या अंगावर माणसाच्या बोटाएवढ्या पाकळ्या फुटल्या होत्या. मामा बराच वेळ त्या पाकळ्यांपुढे उभे राहिले. कौतुक त्यांच्या तोंडून सहज निघत नाही. "धार कितींदा लावत असतील," एवढंच म्हणाले.

आता त्या खिळ्याबद्दल. ज्या वाक्याचा मला कंटाळा आला होता, त्याच्यात दम आहे हे मामांनी पटवलं. पण त्याचं कारण लोक सांगतात ते नव्हे. लोक ते चमत्कार म्हणून सांगतात. मामांच्या लेखी त्यात चमत्कार काही नाही, उलट खिळा मारणं हाच वेडेपणा. समुद्रावरचा खारा वारा चोवीस तास अंगावर. लोखंड गंजतं. गंजलं की फुगतं, फुगलं की लाकूड आतून चिरतं. शिवाय काही लाकडांत जो तुरट अंश असतो त्याची लोखंडाशी गाठ पडली की खिळ्याभोवती काळं कुंकू लावल्यासारखा डाग पडतो आणि तिथलं लाकूड मऊ होत जातं. दुसरी गोष्ट, लाकूड मेलं तरी हलतं. पावसाळ्यात रुंदीला फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. लांबीला मात्र जवळजवळ हलत नाही. खिळा त्याला हलू देत नाही, म्हणून ते तडकतं. एका तुकड्याला कुसू, म्हणजे पुढे आलेलं टोक, काढायचं, दुसऱ्याला त्याच मापाचं भोक पाडायचं, दोन्ही बसवून आडवी लाकडी खुंटी ठोकायची. म्हणजे सांधा आणि खुंटी दोन्ही लाकडाचीच, सगळी एकत्र फुगणार, एकत्र आकसणार. आमच्याकडच्या जुन्या वाड्यांची तुळई-खांबांची जोडणी हीच. निपाणी-संकेश्वरकडचा एखादा जुना माळवदी वाडा पाडताना कधी उभे राहा, खिळे फारसे मिळत नाहीत, खुंट्या मिळतात.

तरीही लाकूड हरतंच. हे तिथं फार स्पष्ट दिसतं आणि गाईड त्याच्याबद्दल कमी बोलतात. समुद्राकडच्या बाजूला लाकडाचा रंग राखाडी झालाय, अगदी वाळून गेलेल्या सरपणासारखा. नाकाचे शेंडे, बोटांची टोकं, मुकुटाच्या कळ्या आधी जातात. मामांनी एका देवतेचा हात दाखवला. मनगटापर्यंत राखाडी, आणि पुढचा पंजा ताजा, पिवळसर तपकिरी. नवा बसवलेला. सांधा मनगटाच्या कड्याखाली लपवलेला, इतका बेमालूम, की रंग वेगळा नसता तर कळला नसता. टोकंच का आधी जातात? लाकडाचे धागे नळ्यांसारखे लांबीला धावतात, आणि कोरीवकाम म्हणजे त्या नळ्या जागोजाग आडव्या कापणं. कापलेल्या तोंडातून पाणी आत शिरतं. सपाट फळी पाऊस झटकून टाकते, कोरलेलं बोट तो पिऊन टाकतं. म्हणजे जितकं सुंदर कोराल तितकं लवकर कुजणार. माझ्या मते त्या संपूर्ण जागेत समजून घेण्यासारखी एकच गोष्ट असेल तर ती ही, आणि ती सात निर्मात्यांच्या यादीत नाही.

म्हणूनच काम 'पूर्ण' होत नाही. एका टोकाला नवं चढतंय, दुसऱ्या टोकाला जुनं बदलतंय. बाहेर येऊन बाजूच्या शेडकडे वळलो तेव्हा ते समोरच दिसलं. पत्र्याखाली ओळीने कारागीर बसलेले, त्यात बायका पुष्कळ. खाली ढलप्यांचा थर, घोट्यापर्यंत. भुशाचा तो वास, सागाचा, थोडा चामड्यासारखा, थोडा तेलकट. नाकात गेला आणि मला मामांच्या अंगणातली शेड आठवली, पण ते असो. एक बाई फुलांच्या वेलाची पट्टी कोरत होती. डाव्या हातात पटाशी, उजव्या हातात लाकडी ठोकळा. ठोकळा पडायचा तो एका लयीत, पण प्रत्येक तीन-चार ठोक्यांनंतर पटाशीचा कोन बदलायचा. पान जिथं वळतं तिथं लाकडाची रेघ उलटी होते, आणि त्याच दिशेने ठोकत राहिलं तर ढलपी नको तेवढी उचलली जाऊन पानाचा शेंडाच निघून येतो. तर ती बाई तिथं पोचली की पट्टी न फिरवता स्वतः उठून पलीकडे जाऊन बसायची आणि उलट बाजूने सुरू करायची. बसायला पाट नाही, काही नाही, नुसती जागा बदलायची. मामा खूश. "पोरगी लाकडाचं ऐकतीया," म्हणाले. तिला मराठी कळायचा प्रश्नच नव्हता, पण मामांनी हाताने खूण केली, बघू का म्हणून, आणि तिने पटाशी पुढे केली. मामांनी अंगठ्याच्या नखावर धार तपासली. मान हलवली. तिनेही हलवली. एवढंच संभाषण.

त्या शेडपाशी आमच्याशिवाय फारसं कुणी थांबत नव्हतं. लोक येत, एक फोटो काढत, आणि पुढे नाचाच्या कार्यक्रमाला नाहीतर हत्ती बघायला जात. मला त्यांचा राग येत नाही. तिकीट महाग, वेळ मोजका, पोरांना तहान लागलेली, बस उभी. पण इतकं खरं, की आत जाऊन मग शेड बघण्यापेक्षा शेड बघून मग आत जावं. हातात पटाशी कशी वळते हे एकदा बघितलेलं असलं की आतली अप्सरा सजावट राहत नाही, मोजता येणारं काम होते. कुणीतरी इथं उठून पलीकडे बसलं असणार, असं तिच्या केसांच्या वळणाकडे बघून कळायला लागतं.

तकियनबद्दल एक सांगायचं राहिलं. हे झाड थायलंडमध्ये साधंसुधं धरत नाहीत. त्याच्यात एक बाई राहते, नांग तकियन, अशी समजूत. झाड तोडायचं तर तिची परवानगी, पूजा. ओंडका सापडला तरी लोक त्याच्यापुढे उदबत्ती लावतात, तिच्यासाठी कपडे ठेवतात. गाईडने हे गंमत म्हणून सांगितलं, आणि टोळक्यातले तरुण हसले. मावशी हसल्या नाहीत. आमच्याकडे गावदेवी लाकडाची असते. लक्ष्मीची यात्रा बेळगावच्या भोवतालच्या खेड्यांत दरसाल भरत नाही. कुठं बारा-पंधरा वर्षांनी, कुठं त्याहून उशिरा. तेव्हा मूर्तीची रंगरंगोटी होते, अक्षतारोपण होतं, देवी रथातून गावभर फिरते, भंडाऱ्याने रस्ते पिवळे होतात, मग ती गदगेवर, म्हणजे आसनावर, बसते, बायका ओट्या भरतात, आणि शेवटी सीमेकडे जाते. साडी, चोळी, बांगड्या, सगळं लाकडालाच. त्यामुळे झाडातल्या बाईला कपडे ठेवतात हे ऐकून आमच्या मावशींना नवल वाटायचं काहीच कारण नव्हतं. भारताच्या दालनात गणपती दिसला तेव्हा त्यांनी चप्पल काढली, हात जोडले आणि पर्समधून दहाची नोट काढून ठेवायला जागा शोधू लागल्या. हे देऊळ नाही, संग्रहालयासारखं आहे, इथं पूजा होत नाही, असं मामेभावाने समजावलं. "गणपती हाय न्हवं?" एवढं विचारून त्यांनी नोट परत आत टाकली, पण नाखुशीने.

मला त्या सगळ्या भव्यतेत कुठंतरी अडखळायला होत होतं, ते मावशींमुळे नेमकं कळलं. तिथं लाकडाला हात लावणारे फक्त कारागीर. बाकी आपण बघणारे. आमच्याकडचा रथ बघायचा नसतोच मुळी, ओढायचा असतो. त्याच्यावरचं कोरीवकाम यात्रेच्या दिवसांत कुणालाच दिसत नाही. फुलांच्या माळा, केळीचे खांब, तोरणं, निशाणं, आणि भंडारा. त्याच्या चाकाला खांदा लावणारे, चाकाखाली पाचर घालून त्याला वळवणारे, दोराला लटकणारे. यात्रा झाली की रथ पत्र्याच्या शेडमध्ये, कुलूप, आणि पुढच्या यात्रेपर्यंत कोंबड्यांचं राज्य. यातलं कुठलं बरं, हे मला ठरवायचं नाही. पट्टायाचं लाकूड सतत डोळ्यांपुढे असतं, म्हणून त्याची डागडुजी होते. आमचं लाकूड सतत अंधारात असतं, म्हणून वाळवीला निवांत वेळ मिळतो. मामांनी असे किती रथ उघडल्यावर आतून पोकळ निघालेले बघितलेत; वरून सोनेरी रंग, बोट दाबलं की आत भुगा.

रंग हे मामांचं जुनं दुखणं. परत आल्यावर ते उफाळून आलं. शेजारच्या एका गावात यात्रा ठरलीय, रथाचं काम काढलंय, आणि कमिटीने मामांना सल्ल्याला बोलावलं. मीही गेलो, गाडी चालवायला. रथ शेडबाहेर काढलेला. खालच्या पट्टीवर हंसांची रांग आहे, जुनी, सागाची, सुरेख. पण त्यावर दरखेपेला ऑइलपेंटचे थर चढत चढत गेलेत, आणि आता ते हंस आहेत की बदकं, हे सांगणं अवघड. हंसाच्या गळ्यावर जिथं पिसांच्या रेघा असणार तिथं लालभडक रंग गुळगुळीत साचलाय. मामांनी खिशातून छोटी पटाशी काढली (सोडलीय म्हणतात, पण खिशात असते) आणि एका हंसाच्या मानेवरचा रुपयाएवढा भाग हळूच खरवडला. लाल, त्याखाली निळा, त्याखाली पुन्हा लाल, त्याखाली चुन्यासारखं पांढरं काहीतरी, आणि मग लाकूड. पिसांच्या रेघा निघाल्या. केसाएवढ्या बारीक, शेजारी शेजारी, एकीचाही तोल गेलेला नाही.

कमिटीतली माणसं वाकून बघत होती. एकाने फोटो काढला. मामा म्हणाले, सगळा रंग उतरवा, जवसाचं तेल पाजा, आणि तसंच ठेवा. कमिटीच्या अध्यक्षांनी डोकं खाजवलं. "मामा, तुमचं बरोबर हाय. पर बिनरंगाचा रथ बघून बायका काय म्हणतील? देवीचा रथ काय सरपणागत दिसायचा?" बाजूचा एक तरुण, दुबईहून सुट्टीवर आलेला, म्हणाला की एलईडी लाइटचे पैसे गोळा झालेत, त्याचं काय करायचं. वाद पाऊण तास चालला. कन्नडमध्ये, मराठीत, आणि अधूनमधून दोन्हींत एकदम.

शेवटी ठरलं ते असं: पुढची बाजू रंगवायची, कारण पुढून फोटो निघतात. मागची पट्टी मामा म्हणतील तशी. लाइट दोन्हीकडे. मामांनी मान्य केलं आणि लगेच विचारलं, चाकाचा एक आरा गेलाय तो कशाचा बसवणार? कमिटी म्हणाली, बाभळीचा मिळतोय. मामा म्हणाले, जांभा बघा. कमिटी म्हणाली, आता जांभा कुठं मिळतोय मामा, वनखात्याचा परवाना, लिलाव, कोण धावपळ करणार. "मी करतो," मामा म्हणाले, आणि माझ्याकडे बघून, "गाडी हाय न्हवं तुझी?"